सुगंध देणारं पेन डिझाईन करायचं असेल तर शाईत अत्तर मिसळावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गावातल्या बचत गटासाठी लिहिताना छान वास देणारं पेन तयार करायचं आहे, शाईत अत्तर मिसळून पाहिलं तर पेन अडकतं, आणि जे चालतं त्याचा वास काही दिवसांत उडून जातो. मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात बांबूच्या वस्तू करते, त्यात पेनंही करते. माझं मत आधीच सांगते. शाईत अत्तर घालू नका. शाईला लिहिण्याचं काम करू द्या आणि वासासाठी पेनाच्या अंगातच वेगळी खोली, म्हणजे छोटा बंद कप्पा, काढा.

शाई का बिघडते ते समजून घ्या, म्हणजे त्या नादात पैसे जाणार नाहीत. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकावरची गोळी, जी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते, साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरची असते आणि तिच्या भोवतालची फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शाई नेमकी तेवढी घट्ट असते म्हणून त्या फटीतून गोळीबरोबर बेताने बाहेर येते. अत्तर घातलं की ती पातळ होते आणि खिशात गळते, किंवा रंग फाटून तळाला बसतो आणि फट बुजते. जेल पेन आणि शाईच्या पेनात अडचण वेगळी. तिथली शाई पाण्यातली, अत्तर तेलातलं. दोन्ही एकत्र राहावीत म्हणून साबणासारखं काही घालावं लागतं, आणि त्याने शाईचा पृष्ठताण उतरतो. मग निबमधून शाई जास्त येते आणि कागदावर अक्षरांना मिशा फुटतात. जेलची शाई तर लिहिताना पातळ आणि थांबल्यावर घट्ट होणारी असते. तो तोल फार नाजूक असतो.

समजा हे सगळं जमवलं, तरी हिशोब जुळत नाही. साध्या रिफिलमध्ये शाई असते जेमतेम अर्धा ग्रॅमच्या आसपास. तिच्यात शंभराला पाच या प्रमाणात अत्तर घातलं तर ते २५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक थेंब. ती रिफिल एक-दोन किलोमीटर रेघ ओढते, आणि भरगच्च लिहिलेल्या एका पानात दहा-पंधरा मीटर रेघ जाते. म्हणजे एक थेंब शंभरावर पानांत वाटला जाणार. पानाच्या वाट्याला जे येईल ते नाकापर्यंत पोचणारच नाही. वर बॉलपेनच्या शाईला तिच्या द्रावकांचा स्वतःचा वास असतो, तो वेगळाच.

वासाचे स्केचपेन बाजारात मिळतात, ते चालतात कारण तिथे जाड वातीतून भरपूर शाई कागदावर येते. तुम्हाला रंगाचे पेन करायचे असते तर मी तोच रस्ता सांगितला असता. काही जण सूक्ष्म कुप्यांबद्दल सांगतील. अत्तराचे अतिबारीक थेंब जिलेटिनच्या किंवा प्लास्टिकच्या कवचात बंद करायचे आणि घासलं की फुटायचे. हे तंत्र १९५० च्या दशकात कार्बनशिवाय नक्कल उमटवणाऱ्या कागदासाठी आलं, आणि घासून वास घ्यायची कार्डं त्यातूनच पुढे निघाली. पण या कुप्या बहुधा काही मायक्रॉनपासून त्याच्या कितीतरी पट मोठ्या असतात, आणि गोळीभोवतीची फट किती ते वर सांगितलंच. पेनाच्या अंगावर छपाई करायला त्या चांगल्या, शाईत नाहीत.

आता खोलीबद्दल. आपल्याकडे बांबू आहे, आणि बांबूत ही खोली आयती मिळते. मानवेलचा पेनाच्या जाडीचा तुकडा असा कापा की मधली गाठ टोकापासून दहा सेंटिमीटरच्या थोडी वर येईल. गाठीच्या खालून ड्रिल मारून रिफिलची नळी काढा, वरून वासाची खोली. मधली गाठ तशीच राहू द्या, तीच भिंत. रिफिल धातूची आणि आखूड घ्या, साधारण ९८ मिलिमीटरची जाड रिफिल सगळीकडे मिळते. प्लास्टिकच्या रिफिलजवळ वासाचं तेल सतत राहिलं तर ते प्लास्टिकमधून झिरपून शाईपर्यंत जाऊ शकतं. म्हणून गाठ असली तरी धातूच बरा. मानवेल बारीक असेल तर जवळजवळ भरीव निघतो, ते आपल्या फायद्याचंच आहे, कारण भोक आपल्याला हव्या त्या मापाचं पाडता येतं. कटांग पोकळ असतो, त्याला आतून नळी बसवावी लागेल.

वरच्या खोलीत काय ठेवायचं? कापूस ठेवू नका. तो भिजून ओघळतो आणि तेल एकदम सोडतो. मला सगळ्यात आवडते ती भाजलेल्या मातीची कांडी, चकाकी न दिलेली. कुंभाराकडून पाच मिलिमीटर जाड आणि अडीच सेंटिमीटर लांब अशा कांड्या भाजून घ्या. तिच्या बारीक छिद्रांत तीन-चार थेंब तेल मुरतं आणि हळूहळू बाहेर येतं. वास संपला की वरचं बूच काढून पुन्हा दोन थेंब घालता येतात. माझ्या मते पेनाबरोबर तेलाची छोटी कुपी दिली तरच हे विकण्यासारखं आहे. वास गेला की पेन फेकायचं, हे बांबूच्या वस्तूला शोभत नाही.

खोलीला बाजूने दोन-तीन बारीक भोकं, आणि भोकांवर फिरणारी बांगडी. लिहिताना बांगडी फिरवून भोकं उघडायची, झालं की बंद. ही बांगडी हौसेची नाही, दोन कारणांनी गरजेची आहे. एक म्हणजे आपलं नाक. एकच वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडतं. कायम उघडं पेन मालकाला बिनवासाचं वाटतं आणि शेजाऱ्याचं डोकं उठवतं. उघडमीट असली तर दर वेळी वास नव्याने येतो. दुसरं कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाच्या खोलीत त्याहून गरम होतं. थंड प्रदेशातल्या पेनाला हाताच्या उबेने वास सोडावा लागत असेल, आपल्याकडे तो धरून ठेवणं हेच काम आहे.

बांगडी बांबूची करू नका. पावसाळ्यात बांबू फुगतो आणि ती अडकते, एप्रिलमध्ये सुकून सैल होते किंवा तडकते. पितळेची पातळ नळी कापून घ्या. खोलीला आतून लाखेचा लेप द्या म्हणजे तेल बांबूत झिरपून बाहेर डाग पडणार नाहीत. लाख आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे होते. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे लक्षात ठेवा, म्हणून फवारायचं परफ्यूम या पेनात कधीच घालू नका, फक्त तेलातलं अत्तर. लेपावर तुमच्या तेलाचा थेंब रात्रभर ठेवून बघा, चिकट झाला तर लेप बदला. आणि बांबू आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा, नाहीतर कीड पेनाचं पीठ करून ठेवेल.

कोणता वास, हा खरा आनंदाचा भाग आहे, आणि इथे मी तुम्हाला मोठ्या शहरातले वास सोडून आपल्या भागातले घ्या असं मनापासून सांगेन.

सगळ्यात आधी वाळा. उन्हाळ्यात ओल्या वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा ज्याने घेतली आहे त्याला या पेनाबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही. वाळ्याचं तेल मुळांतून निघतं, जड असतं, सावकाश उडतं, म्हणून उन्हाळ्याला तेच टिकतं. दुसरं रोशा गवत, काही जण त्याला तिखाडी म्हणतात. मेळघाटच्या डोंगरउतारांवर ते आपोआप उगवतं. त्याच्या तेलात मुख्य भाग जिरॅनिऑलचा, म्हणून वास गुलाबाकडे झुकतो. इंग्रजांच्या काळात वऱ्हाड, खानदेश, निमाड या पट्ट्यातलं रोशाचं तेल मुंबईहून बाहेर जाई आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. आपल्या डोंगरातलं गवत गुलाब म्हणून जगभर विकलं गेलं, तर आपल्या पेनात ते स्वतःच्या नावाने यावं असं मला फार वाटतं. रोशा थोडं हलकं असतं. त्यात वाळा मिसळला की तो त्याला धरून ठेवतो.

संत्र्याचा मोह सगळ्यांना होतो, वरूड-काटोलकडचे लोक तर पहिलं नाव तेच घेतील. पण संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास लिमोनिन असतं. ते फार लवकर उडतं, हवा लागून बिघडतं, बिघडलेलं लिमोनिन त्वचेला चुरचुरू शकतं, आणि ते पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो ते प्लास्टिक, विरघळवतं. साल थर्माकोलवर पिळून बघा, खड्डा पडतो. बाजारातल्या कितीतरी पारदर्शक पेनांचं अंग त्याच जातीच्या प्लास्टिकचं असतं. संत्रं हवंच असेल तर वाळ्यात अगदी थोडं, पहिल्या झुळकीपुरतं.

मोहफुलांबद्दलही विचारलं जातं. त्यांच्या वासात जो रेणू आहे तोच सुवासिक तांदळात असतो, म्हणून भंडाऱ्याच्या चिन्नोरचा भात शिजतानाचा वास आणि मोहाखालचा वास यांत नातं लागतं. पण तो रेणू टिकाऊ नाही, कुपीत धरून ठेवणं बचत गटाच्या आवाक्यातलं काम नाही. पहिल्या पावसाचा मातीचा वास मात्र मिळतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला भाजलेली माती देग-भपक्यात, म्हणजे अत्तर काढायच्या तांब्याच्या भांड्यांत, उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. खऱ्या चंदनातलं हे अत्तर महाग असतं, पण मातीच्या कांडीत मातीचं अत्तर ही जोडी एखाद्या खास पेनासाठी करून बघावी.

तेल विकत घेताना अगरबत्तीचं सेंट घेऊ नका. ते स्वस्त असतं, पण जाळायच्या वस्तूसाठी बनलेलं असतं आणि त्यात बहुधा डायइथाइल थॅलेट नावाचं पातळक भरपूर असतं. सुगंध द्रव्यं किती आणि कशात वापरावीत याचे आंतरराष्ट्रीय नियम इफ्रा ही संस्था काढते. विक्रेत्याकडे त्या नियमांप्रमाणे असल्याचा कागद मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा.

लेकरांसाठी पेन करणार असाल तर माझा हात जरा आखडता राहील. लेकरं पेन चावतात, म्हणून वरच्या टोकाला दीड सेंटिमीटर भरीव बूच सोडा आणि ते आट्यांचं करा, सहज निघणारं नको. बोटं धरतात त्या जागी वासाचं तेल कधीच येऊ देऊ नका. युरोपात खेळण्यांमध्ये ॲलर्जी देणाऱ्या ५५ सुगंध द्रव्यांना २००९ च्या नियमाने बंदी घातली गेली. आपलं पेन खेळणं नाही, पण यादी डोळ्यांसमोर ठेवायला काय हरकत आहे? आणि टोपण केलंत तर त्याच्या टोकाचं भोक वास अडवण्यासाठी बुजवू नका. टोपण घशात अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून ते असतं, त्याचं आयएसओ ११५४० हे प्रमाणच आहे. वर्गात एखाद्याला दमा असतो, परीक्षेच्या खोलीत शेजारचा मुलगा तुमच्या वासाला कंटाळू शकतो. बांगडी बंद केल्यावर वास खरोखर बंद होतो की नाही, हे मी वास किती छान येतो याच्याइतकंच महत्त्वाचं धरते.

तपासणीसाठी मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. भिजवलेली कांडी रोज त्याच वेळी तोला आणि वजन वहीत लिहा. एक पेन कूलरच्या खोलीत, एक टिनाखाली. वजन पहिल्या दिवसांत झपकन उतरून मग थांबत असेल तर मिश्रणात हलकी तेलं जास्त आहेत, वाळा वाढवा. वास ठीक आहे का हे करणाऱ्यांनी ठरवू नये, दिवसभर तेलात काम करणाऱ्याचं नाक तेव्हा कामाचं नसतं. शेजारच्या घरातून माणसं बोलवा, त्यांना आधी काही सांगू नका.

बांबूच्या कामाचं शिक्षण चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मिळतं. ग्रामोद्योगाच्या तांत्रिक सल्ल्यासाठी वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे, आणि सुगंधाचं काम शिकायचं तर कनौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र. तुमची बांगडी आणि पेनाचं रूप वेगळं निघालं तर प्रदर्शनात मांडायच्या आधी डिझाईन कायदा २००० खाली नोंदणीचा अर्ज करा. आधी सगळ्यांना दाखवलं तर नवेपणा गेला असं धरलं जाऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे ५ वर्षं वाढवता येते. ती फक्त दिसण्याची असते, चालण्याच्या युक्तीची नाही.

पहिला नमुना लगेच बांबूत करू नका. जुन्या जाड धातूच्या पेनाचा वरचा भाग घ्या, भोकं पाडा, कांडी घाला आणि आठ-पंधरा दिवस कुणाला तरी वापरायला द्या. भोकं किती आणि केवढी हे त्यातून कळेल. मग बांबूला हात लावा. तुमच्याकडे मानवेल मिळतो की कटांग, आणि पेन मोठ्यांसाठी आहे की शाळेसाठी, हे खाली लिहा. त्याप्रमाणे मापं सांगते.