शेवटचा हात : अभंगाच्या ध्वनिमुद्रणाचे मास्टरिंग

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने नऊ अभंग एका घरगुती स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले आहेत. मुख्य गायक काळी एकमध्ये गातात. साथीला संवादिनी, पखवाज, तबला, टाळ आणि तंबोरा आहे. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवलेली फाइल, ऐकताना समाधान वाटते, परंतु इतरांच्या गाण्यांपुढे आमचे गाणे बारीक वाटते. म्हणून इंटरनेटवर मिळालेली आठ प्लगइनची (संगणकावरील ध्वनिसंस्काराच्या साधनांची) तयार साखळी लावून पाहिली. आवाज मोठा झाला, पण टाळ कानाला टोचू लागले आणि तंबोरा सतत खाली-वर होत असल्याचा भास होतो. मास्टरिंगसाठी, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारासाठी, कमीत कमी काय लावावे आणि कोणत्या क्रमाने? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या कानांनी नेमके दुखणे पकडले आहे, आणि तंबोरा खाली-वर होतो हे वाक्य तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याकडे मी सविस्तर येतोच. आधी साखळीविषयी सांगतो. तयार झालेल्या दोन चॅनलच्या मिक्सवर शेवटचा हात फिरवायला तीन साधने पुरतात : प्रथम वेगवेगळ्या वारंवारितांचे पट्टे कमी-जास्त करणारा इक्वलायझर, मग मोठा झालेला आवाज दाबणारा कॉम्प्रेसर आणि सर्वांत शेवटी शिखरांना छताबाहेर जाऊ न देणारा लिमिटर. त्यांच्यानंतर आवाजाची पातळी दाखवणारा एक मीटर ठेवावा. तो आवाजात काहीही बदल करत नाही. यासाठी पैसे खर्च करण्याचीही गरज नाही. टीडीआर नोव्हा हा इक्वलायझर, टीडीआर कोटेलनिकोव्ह हा कॉम्प्रेसर, लाउडमॅक्स हा लिमिटर आणि यूलीन लाउडनेस मीटर हे सर्व विनामूल्य मिळतात आणि कामाला चोख आहेत.

साखळी लावण्यापूर्वी मिक्स पुन्हा एकदा उघडा आणि त्याच्या मुख्य चॅनलवर एखादा लिमिटर बसवून ठेवला असेल तर तो काढून टाका. ध्वनीची सर्वोच्च शिखरे शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल ध्वनीच्या कमाल मर्यादेच्या, ३ ते ६ डेसिबल खाली राहतील एवढे फेडर (पातळीचे सरकते खटके) खाली आणा आणि २४ बिटची वेव्ह फाइल काढा. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, त्यामुळे मिक्स थोडा हळू असल्याने काहीही बिघडत नाही. उलट आधीच छाटलेली शिखरे मास्टरिंगमध्ये परत आणता येत नाहीत.

आता इक्वलायझर. बहुतेक तयार साखळ्या पाश्चात्त्य पॉप किंवा रॉक संगीतासाठी बांधलेल्या असतात आणि त्यांत दोन गोष्टी हमखास आढळतात : ८० हर्ट्झच्या खालचे सर्व काही कापून टाकणे, आणि ३०० हर्ट्झच्या आसपासचा 'चिखल' काढण्यासाठी तेथे खोल खड्डा पाडणे. आपल्या गायकांची पट्टी काळी एक आहे. त्यांचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर, पंचम २०८ वर आणि तार षड्ज २७७ वर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्या मध्य षड्जाच्या एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. याचा अर्थ असा की, ८० च्या खालची कापणी तंबोऱ्याचा खर्जच क्षीण करते, आणि २८०-३०० चा खड्डा गायकाच्या तार षड्जावर पडतो; जेथे अभंगाचा अंतरा चढून स्थिरावतो नेमका तेथेच आवाज पोकळ होतो. आपल्याकडचा तबलाही सुरात लावलेला असतो. शाईमुळे त्याचे उपस्वर एका मेळात येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. ज्या संगीतात सगळा मेळ एकाच षड्जाला बांधलेला आहे, त्यात अरुंद आणि खोल कापणी म्हणजे वारंवारितेची नव्हे, तर एखाद्या स्वराची कापणी ठरते. म्हणून मास्टरिंगमधील इक्वलायझर नेहमी रुंद ठेवावा आणि १ ते दीड डेसिबलच्या पलीकडे सहसा जाऊ नये. अगदी खालची घरघर, माइकच्या स्टँडला बसलेला धक्का किंवा रस्त्यावरच्या रहदारीचा गडगडाट काढण्यासाठी २५ ते ३० हर्ट्झच्या खाली कापले तरी पुरते. तेथे आपले कोणतेही वाद्य बोलत नाही.

टाळांचे टोचणे निराळे आहे. टाळांची धार प्रामुख्याने ३ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि त्याच पट्ट्यात गायकाच्या 'स', 'च', 'श' या व्यंजनांची स्पष्टताही असते. संपूर्ण मिक्सवर तो पट्टा खाली आणला तर टाळ मऊ होतील, पण विठ्ठलाच्या नावातला 'ठ' सुद्धा बोथट होईल. टाळांचा ट्रॅक आपल्याकडे स्वतंत्र असल्यास मिक्समध्ये जाऊन तो दीड-दोन डेसिबलने उतरवणे हाच खरा उपाय आहे. तसा तो नसेल, तर टीडीआर नोव्हासारख्या साधनात तो पट्टा केवळ मर्यादेबाहेर गेल्यावरच दबेल अशी सोय आहे, तिचा बेताने उपयोग करावा.

आता तंबोऱ्याकडे येऊ. कॉम्प्रेसर एकूण आवाज मोजतो आणि तो ठरावीक मर्यादेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेला की सगळा मिक्स खाली खेचतो. डग्ग्याचा घिस्सा किंवा पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा यांत खालच्या वारंवारितांची प्रचंड ऊर्जा असते. प्रत्येक वेळी तो आघात पडला की कॉम्प्रेसर दबतो, आणि त्याच्याबरोबर संवादिनी, गायक आणि तंबोराही दबतात. आघात सरला की सगळे पुन्हा वर येतात. ड्रम आणि गिटारच्या संगीतात ही हालचाल कधीकधी खपून जाते, काही जणांना ती आवडतेही. आपल्या संगीतात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा वाहणारा तंबोरा असतो, आणि एकसारख्या वाहणाऱ्या गोष्टीतली लहानशी चढउतारही कान तत्काळ ओळखतो. म्हणून मी मास्टरिंग करताना आवाज किती दबला हे दाखवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या काट्याकडे कमी आणि तंबोऱ्याकडे अधिक लक्ष देतो. गायक श्वास घेतो त्या जागा ऐका. तेथे तंबोरा उसळून वर आला, तर कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त काम करतो आहे असे निश्चित समजावे.

उपाय तीन आहेत आणि ते एकत्र करावेत. पहिला, रेशो, म्हणजे दाबण्याचे प्रमाण, दीडास एक एवढाच ठेवावा, म्हणजे मर्यादेच्या वर ३ डेसिबल वाढ झाली तर बाहेर २ डेसिबल मिळेल. आणि थ्रेशोल्ड असा लावावा की काटा १ ते २ डेसिबलपेक्षा खाली जाणार नाही. दुसरा, अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांच्या आसपास असू द्यावा, म्हणजे तबल्याच्या चाटेवरचा 'ना' दबण्याआधी निसटून जातो आणि बोलाची कड शाबूत राहते. रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, लयीवरून ठरवावा : मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, तेव्हा १५० ते २५० मिलिसेकंदांत कॉम्प्रेसर मोकळा होऊन पुढच्या मात्रेला तयार राहतो. तिसरा उपाय सर्वांत परिणामकारक आहे. कॉम्प्रेसरच्या मोजणीच्या वाटेवर, म्हणजे साइडचेनवर, १०० ते १५० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे स्वर वगळणारी चाळणी, लावण्याची सोय बहुतेक साधनांत असते. त्यामुळे डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो तसाच राहतो, मात्र कॉम्प्रेसर त्याला घाबरून सगळ्यांना दाबत नाही. एवढे करूनही तंबोरा हलत असेल, तर कॉम्प्रेसर काढून टाकावा. सुरुवातीच्या काळात कीर्तनाच्या एका ध्वनिमुद्रणावर मी तो केवळ साखळीत असलाच पाहिजे म्हणून ठेवला होता; आज ते काम ऐकताना मला वाईट वाटते.

लिमिटर सर्वांत शेवटी येतो, कारण त्याचे काम शिखरांना छताबाहेर जाऊ न देणे हे आहे, आणि त्याच्यानंतर काही लावले तर ते छतच मोडते. छत उणे १ डेसिबल ट्रू पीकवर ठेवावे. डिजिटल नमुन्यांच्या दोन बिंदूंच्या मधून जाणारी ध्वनिलहर त्या बिंदूंपेक्षा वर चढू शकते, आणि एमपी३ किंवा तत्सम संकुचित रूपात बदलताना ती आणखी वर जाते. म्हणून ही मोकळी जागा सोडायची. सर्वांत जोरकस गजराच्या जागी लिमिटरने २ ते ३ डेसिबलपेक्षा अधिक छाटू नये. त्यापुढे पखवाजाची थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी लागते.

आणखी एक खबरदारी. मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो, कारण पातळी वाढली की खालचे आणि वरचे स्वर कानाला अधिक भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडले. म्हणून साखळी चालू-बंद करून तुलना करताना मास्टर केलेला आवाज मूळ मिक्सइतका खाली आणूनच ऐकावा. आपण लावलेली आठ प्लगइनची साखळी या कसोटीवर मूळ मिक्सपुढे टिकणार नाही, असे मला वाटते.

प्रश्न : गाणे किती एलयूएफएसवर ठेवावे? कोणी उणे ९ सांगतो, कोणी उणे १४. शिवाय आमच्या संग्रहात एक संथ विराणी आहे आणि एक गजर आहे. दोन्ही एकाच आकड्यावर आणायचे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप आहे, आणि ते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या बीएस १७७० या मानकावर आधारलेले आहे. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे गाणी उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला आणून वाजवते. आपण गाणे उणे ९ वर नेऊन दिले, तर तेथे ते ५ डेसिबलने खाली उतरवले जाईल. आवाजाचा लाभ जाईल आणि छाटलेल्या थापा मात्र तशाच राहतील. यूट्यूब मोठे गाणे खाली आणते, परंतु हळू गाणे वर उचलत नाही, त्यामुळे फार खाली राहणेही सोयीचे नाही. अभंग, भावगीत किंवा नाट्यपदासाठी उणे १६ ते उणे १४ हा पट्टा मला योग्य वाटतो.

विराणी आणि गजर एकाच आकड्यावर आणू नका. श्रोता संपूर्ण संग्रह क्रमाने ऐकतो तेव्हा स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांची पातळी मिळून एकत्र बदलते, त्यामुळे आपण राखलेले अंतर तसेच राहते. सर्वांत भरलेला गजर उणे १४ च्या आसपास बसवावा आणि बाकीची गाणी त्याच्याशेजारी वाजवून कानाने लावावीत. विराणी ३-४ डेसिबल खाली राहिली तर ते तिचे स्वाभाविक स्थान आहे. मीटर वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : २०११ मध्ये या मानकात अशी सुधारणा झाली की एकूण पातळीपेक्षा १० एककांहून अधिक हळू असलेले तुकडे सरासरीत धरले जात नाहीत. म्हणजे अगदी हळुवार आलापाने सुरू होणाऱ्या गाण्याचा आकडा प्रामुख्याने तालात आल्यानंतरच्या भागाचा असतो. आलाप फार दबला आहे की काय, हे आकडा सांगणार नाही.

प्रश्न : चतुर्थीतल्या घुमट आरतीचे मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये फार पुढे आहेत, गाणारे मागे पडले आहेत. मास्टरिंगने हे सुधारेल का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : थोडेसेच. मास्टरिंग एकजीव झालेल्या आवाजावर चालते. त्यातून गाणाऱ्यांना उचलून पुढे आणणे त्याला जमत नाही. सुमारे १५० हर्ट्झच्या खाली दोन डेसिबल उतरवून आणि २ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान एक डेसिबल चढवून शब्द किंचित उलगडतील. कॉम्प्रेसर लावू नका, कारण बहुतेक मोबाइल ध्वनिमुद्रण करतानाच आवाज आपोआप कमी-जास्त करतात. ती दाबणी फाइलमध्ये आधीच आहे. पुढच्या वर्षी मोबाइल घुमटांच्या ओळीपासून दूर, गाणाऱ्यांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा. त्या चार पावलांनी जे साधेल ते कोणत्याही साधनाने साधणार नाही.

प्रश्न : मास्टर २४ बिट, १६ बिट की एमपी३ अशा कोणत्या स्वरूपात काढावा, आणि डिदर म्हणजे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : मूळ मास्टर २४ बिटचा, ज्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येवर) ध्वनिमुद्रण झाले त्याच रेटवर काढून जपून ठेवावा. सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट लागतात. बिट कमी करताना अगदी हळू ध्वनीत, उदाहरणार्थ तंबोऱ्याच्या विरत जाणाऱ्या शेवटच्या झंकारात, खरखरीत विकृती येते. ती टाळण्यासाठी मिसळलेला अत्यल्प गोंगाट म्हणजे डिदर. तो १६ बिटची प्रत काढताना, लिमिटरच्या नंतर, एकदाच लावावा. एमपी३ हवा असल्यास तो १६ बिटच्या प्रतीवरून न करता २४ बिटच्या मास्टरवरूनच करावा, आणि तयार झाल्यावर गाण्याचा शेवट हेडफोन लावून तंबोरा पूर्ण विरेपर्यंत ऐकावा.