ज्योतिबाचं नाक

प्रिय ओवी,

शाळेची सहल ब्रिटिश म्युझियमला जाऊन आली आणि तुमच्या बाईंनी घरातली एखादी जुनी वस्तू निवडून तिचं लेबल लिहून आणायला सांगितलं. तू देवघरातला ज्योतिबाचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेला देव, निवडलास म्हणून मी खूश झालो. मग लेबल वाचलं. ‘कुत्र्यावर बसलेला माणूस. चांदी. कोल्हापूर. स्थिती : खराब, चेहरा नाही.’ आणि वर विचारलंस, "बाबा, तुम्ही लोकांनी देवाचा चेहरा घासून का टाकला?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि भांडी लावायला उठलो. ‘तुम्ही लोकांनी’ हे जरा लागलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल. शब्द अडला तर आईला विचार.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा होता. घट बसायच्या आधी आक्का, म्हणजे तुझी पणजी, सगळे देव परातीत काढून अंगणात बसायची. पितळेचे देव चिंचेनं, चांदीचे टाक पांढऱ्या दंतमंजनानं. माझी बोटं बारीक, म्हणून टाकाच्या मागच्या खोलगट बाजूचं काम माझ्याकडे. ज्योतिबाच्या डोंगरावरून आणलेला गुलाल तिथं वर्षभर घट्ट बसलेला असायचा. काडीला कापूस गुंडाळून तो काढायचा. पाणी लागलं की बोटं गुलाबी व्हायची आणि दोन दिवस तशीच राहायची. पुढची बाजू आक्का स्वतः अंगठ्यानं घासायची, गोल गोल, बोलता बोलता. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस आटली. ज्योतिबाचं नाक त्या गप्पांत गेलं, असं मला म्हणायला आवडतं. खरं तर ते दंतमंजनानं गेलं. चांदी मऊ असते, पावडर खरखरीत. पण हे तेव्हा आक्काला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "शाणा हैस, परात धर."

गुजरीतला सोनार दर वर्षी म्हणायचा, झिजलाय, मोडीत द्या, नवा घडवून देतो. आक्का टाक पदराला पुसून परत पिशवीत टाकायची. "नव्याला आमची वळख कुठली?"

एकदा, मी पाचवीत असेन, तिला घेऊन आम्ही टाउन हॉलच्या म्युझियमला गेलो होतो. सीपीआर दवाखान्याजवळची ती काळ्या दगडाची, टोकदार छपरांची इमारत. 1872 ते 1876 मध्ये बांधलेली. तू बागेतल्या तोफेवर चढली होतीस, तीच. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी, तिथं जमिनीत सापडलेल्या वस्तू या म्युझियममध्ये आहेत. त्यात पोसायडनची काशाची मूर्ती आहे. वीतभरसुद्धा नाही. ग्रीक लोकांचा समुद्राचा देव, दोनेक हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन व्यापाराच्या मालाबरोबर जहाजातून कोकणात उतरला आणि घाट चढून आला. जिथं समुद्र नाही त्या गावात! मला ते भयंकर भारी वाटलं होतं. आक्कानं काचेला नाक लावून बघितलं. दाढीवाला देव, अंगावर कापड नाही. त्याबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, "किती कळकलाय. चिंच लावली तर निघंल की." शेजारी उभा असलेला शिपाई खो खो हसला. मी लाजून आबालाल रहिमानांच्या चित्रांकडे पळालो.

त्या लाजण्याचं आता वाईट वाटतं. पण शिपायाचंही चुकलं नव्हतं. त्या मूर्तीला चिंच लावली असती तर दोन हजार वर्षांचा रंग दहा मिनिटांत धुऊन गेला असता.

म्हणजे तुझा प्रश्न बरोबर आहे. तो कोल्हापुरातही विचारला गेलाय, आणि तोही खुद्द अंबाबाईबद्दल. वर्षानुवर्षांच्या अभिषेकानं मूर्ती झिजली, म्हणून आता मूळ मूर्तीवर पाणी घालत नाहीत. 2015 साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिच्यावर रासायनिक संवर्धन केलं. तेव्हा गावात केवढे वाद झाले! मी इथून फोनवर सगळ्यांची मतं ऐकायचो. माझं मत दर फोनला बदलायचं. आजही ठाम नाही.

तू ब्रिटिश म्युझियममधल्या ज्या चोळांच्या नटराजाचं चित्र काढून आणलंस तोही एकेकाळी देवळातून मिरवणुकीत निघायचा. त्याला पाणी, फुलं, कपडे सगळं मिळायचं. आता त्याचा चेहरा सुखरूप आहे. मला तो बघताना दर वेळी त्याच्या पायाशी पाण्याचा एक थेंब शोधावासा वाटतो. हे बरोबर आहे असं नाही. सवय आहे.

मी लंडनला निघालो तेव्हा आक्का ऐंशीच्या पुढे होती. घरचे टाक काकांकडेच राहायचे होते, मला नवा करून मिळणार होता. पण तिनं हाच काढून माझ्या हातरुमालात बांधला आणि नवा घरात ठेवला. विमानतळावर बॅगेच्या यंत्रातून तो दोनदा फिरला.

इथं आल्यावर दंतमंजन मी बंद केलंय. मऊ फडक्यानं पुसतो. मागचा गुलाल मात्र काढत नाही, थोडा राहिलाय, भिंगातून बघ. तू पुसायलाच हवंस असं नाही. तुला तो कपाटात काचेमागे ठेवावासा वाटला तर तसंही बोलू.

लेबलही तसंच राहू दे, ‘स्थिती : खराब’सकट. तेवढं कुत्र्याचं बदल. तो घोडा आहे. त्याचे पाय झिजलेत, म्हणून तसा दिसतो.

तुझा,
बाबा