प्रथिनातली अमिनो आम्लं एकमेकांना सांधणारा पेप्टाइड बंध जोडायला ऊर्जा लागते हे पटलं. पण तो तुटताना ऊर्जा बाहेर पडते, मग प्रथिन मोडायला पेशी एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, का खर्च करते?

हाच प्रश्न २०११ साली एम.एस्सी.च्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, माझ्यासमोर आला होता. मी दिलेलं उत्तर बरोबर होतं आणि ते चूक धरलं गेलं, म्हणून जरा लांबण लावते आहे.

प्रॅक्टिकल संपलं होतं. बाययुरेट या प्रथिन ओळखायच्या द्रावणाने जांभळ्या झालेल्या टेस्टट्यूब अजून स्टँडमध्येच होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातली एक उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हा रंग कशाचा?" पेप्टाइड बंधांचा, तांब्याशी जुळल्यामुळे. "आणि हे बंध तोडायला पेशीला काय लागतं?" मी म्हणाले, "प्रोटिएझ, प्रथिन कापणारं एन्झाइम. आणि पेशीच्या आत बऱ्याचदा एटीपीसुद्धा." ते हसले. "घरी मटणाला कच्ची पपई लावता ना? तिथे एटीपी कोण ओततं?"

आमच्याकडे आई कच्ची पपई सालासकट किसते आणि मटणाला चोळून ठेवते. तासाभराने बोटाने दाबलं की मांस दबतं. मात्र पाहुणे उशिरा आले आणि ते तसंच राहिलं, तर शिजवताना लगदा होतो. हे लहानपणापासून पाहिलेलं, पण त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. शेजारी बसलेल्या आमच्या बाई जर्नलची पानं उलटत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एक्स्टर्नलशी वाद घालायचा नसतो गं." मी वाद घातलाच नव्हता, आणि तेच आजही सलतं.

उत्तर त्या लगद्यातच होतं. पपईच्या चिकातलं पपेन फारशी निवड करत नाही, समोर येईल ते कापत सुटतं. असं एन्झाइम पेशीत मोकळं सोडलं तर कामाची प्रथिनंही जातील. म्हणून पेशीने पाती एका पिंपात कोंडली आहेत. त्या पिंपाचं नाव प्रोटिॲसोम: सात-सात घटकांच्या चार कड्या एकावर एक, धार आतल्या बाजूला, आणि तोंड इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. एटीपी लागतो तो ही घडी उलगडून प्रथिन आत ओढायला. बंध तुटतो तेव्हा वेगळा एटीपी लागत नाही.

त्याच्याही आधी खर्च आहे, तो खूण करण्याचा. ७६ अमिनो आम्लांचं युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन नको असलेल्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला जोडलं जातं, मग त्यावर दुसरं, तिसरं, चौथं. ही जोडणीसुद्धा पेप्टाइडसारख्याच बंधाने होते. म्हणजे तोडण्यासाठी पेशी आधी नवा बंध जोडते, आणि जोडणं फुकट होत नाही. प्रथिनं जिथे बनतात त्या रायबोसोमवरही हिशेब तसाच: अमिनो आम्ल ते वाहून आणणाऱ्या टी-आरएनएवर चढवताना एटीपी मोडून एएमपी होतो, पुढे आणून बसवायला एटीपीसारखाच एक जीटीपी, सरकायला आणखी एक. प्रत्यक्ष बंध मात्र रायबोसोमचा आरएनए वेगळा एटीपी न घेता जोडून देतो. एवढा भाग कुठल्याही पुस्तकात मिळेल.

नियंत्रण म्हणाल तर ते खूण कुणावर करायची यात आहे. ती निवड ई३ नावाची एन्झाइम करतात, माणसात ती सहाशेच्या आसपास आहेत. पी५३ हे पेशीला धोक्याचा इशारा देणारं प्रथिन निरोगी पेशीत सतत बनतं आणि एमडीएम२ हे ई३ त्याला सतत खूण करतं, त्यामुळे त्याचं अर्धायुष्य जेमतेम २०-३० मिनिटांचं. डीएनएला इजा झाली की ही पकड सुटते आणि पी५३ साठत जातं. मोडणं नुसतं थांबवून पेशी इतक्या झटपट सावध होते. याला 'कचरा काढणं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि यातलं काहीच २०११ मध्ये नवीन नव्हतं. उंदराच्या यकृताच्या कापांची ऊर्जा तोडली की प्रथिनं मोडणं मंदावतं, हे सिम्प्सन यांनी १९५३ सालीच दाखवलं होतं. पुढे प्रथिनं मोडायला लागणारा घटक शोधताना चेखानोव्हर आणि हर्श्को या शास्त्रज्ञांनी सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क वेगळा केला, तर त्यात हिमोग्लोबिनच फार. त्यांनी तो सरळ उकळला. हिमोग्लोबिन चिखलासारखं तळाला बसलं आणि हवा होता तो घटक वरच्या पाण्यात शाबूत राहिला. तेच युबिक्विटिन. आयर्विन रोझ यांच्यासह दोघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, माझ्या व्हायवाच्या सात वर्षं आधी!

परीक्षेत लिहाल तर 'बंध तोडायला एटीपी लागतो' असं लिहू नका. 'निवडायला, उलगडायला आणि आत ढकलायला लागतो' असं लिहा. तोंडी परीक्षेत कुणी पपई काढलीच, तर गप्प बसू नका. पपई मेलेल्या मांसाला लावतात आणि तिथे काय वाचवायचं हे ठरवणारं कुणी उरलेलं नसतं, हे तिथल्या तिथे सांगा. मार्क गेले तरी सांगा.

एक मान्य करते: पपईचं उदाहरण देऊन त्या परीक्षकांना सुचवायचं होतं ते, म्हणजे नुसता बंध तोडायला एटीपी लागत नाही, हे खरंच होतं. लायसोसोम या पेशीतल्या आम्लधर्मी पिशवीतली प्रोटिएझही एटीपीशिवाय कापतात, फक्त तिथलं आम्ल टिकवायला एटीपीवर चालणारा पंप लागतो. आणि आधीच उलगडलेली काही प्रथिनं प्रोटिॲसोमचं नुसतं पिंपही एटीपीविना खाऊन टाकतं.