स्कारबरोच्या ग्रँड हॉटेलचे जुने कोरीव चित्र अस्सल आहे, हे कसे ओळखावे?

इंग्लंडमधील स्कारबरो येथील ग्रँड हॉटेलचे जुने छापील चित्र आपल्याकडे चौकटीसह आले असून, ते त्या काळातले की नंतरची नक्कल, असे आपण विचारले आहे. चौकटीच्या जुनेपणावरून काहीच ठरत नाही, कारण जुन्या चौकटीत नवी प्रत सहज बसवता येते. चित्र बाहेर काढून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावे. रेषांऐवजी ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ती नंतरची छपाई होय.

रेषा अखंड असतील, तर ठसा लाकडी होता की पोलादी, हे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकातील सचित्र साप्ताहिके अशी चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठशांवरून छापत. त्या झाडाचे खोड बारीक असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टने जोडावे लागत, आणि घाईच्या वेळी एकेक ठोकळा वेगवेगळ्या कारागिरांकडे कोरायला जाई. त्यामुळे आकाशातून किंवा समुद्रावरून सरळ गेलेली केसाएवढी पांढरी फट आढळली, तर मला ती खालच्या सहीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. पाठीमागे बातम्यांचा मजकूर असेल, तर ते बहुधा साप्ताहिकाचे पान आहे. पोलादी पत्र्यावरील छपाईत मात्र शाई किंचित उठून येते आणि भोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, जो समास कापल्यास नाहीसा होतो.

वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिक यांनी आखलेले हे हॉटेल १८६७ साली उघडले. चार मनोरे, बारा मजले, बावन्न धुराडी आणि ३६५ खोल्या, म्हणजे ऋतू, महिने, आठवडे आणि दिवस, अशी त्याची कल्पना सांगतात. चित्रातील धुराडी मोजत बसू नये. कोरणाऱ्यानेही ती मोजली नसावीत. त्यापेक्षा हॉटेलशेजारच्या उतारावर रुळांवरून चढणारी ट्राम आहे का, ते पाहावे. ती १८८१ साली सुरू झाली, म्हणून ती दिसल्यास चित्र त्यानंतरचे ठरते. ती नसल्यास मात्र चित्र त्याआधीचेच असे म्हणता येत नाही, कारण जुने ठसे पुन्हा वापरले जात.

साप्ताहिकातील चित्रांवरचे रंग बहुधा मागाहून हाताने भरलेले असतात. अशा पानांच्या हजारो प्रती निघत असल्याने किमतीची मोठी अपेक्षा ठेवू नये. मागे हार्डबोर्ड लावलेला असल्यास तो आधी काढावा, कारण त्यातील आम्लामुळे कागद तपकिरी पडतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये.