उन्हाळाभर फुलणारी झाडं आणि मधमाश्या: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

एप्रिल लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांतले निम्मे तरी सारखेच असतात, उन्हाळाभर फुलेल असं काय लावू आणि एवढी फुलं असून मधमाश्या का येत नाहीत. त्यातले काही निवडून इथे उत्तरं देतेय. तुमची बाल्कनी, तुमची माती, तुमचं पाणी मी बघितलेलं नाही, त्यामुळे शंका असेल तिथे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा असं मी परत परत सांगणार आहे, आणि ते खरंच विचारा.

प्रश्न (चिपळूण): तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी दोननंतर कडक ऊन. जूनपर्यंत फुलं राहतील आणि मधमाश्या येतील असं काय लावू? बिया आणल्यात.

बियांना उशीर झाला. झिनियाची बी आज टाकली तर फूल बघायला दीड-दोन महिने जातील आणि तोवर पाऊस दारात, ते काम जानेवारी-फेब्रुवारीतलं. आता फांदीवर लागणारं लावा. पोर्चुलाका, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो, त्याची बोटभर काडी कुणाकडूनही मागून आणा, भुसभुशीत मातीत खोचा, तीन-चार आठवड्यांत फुलं येतात. सकाळचं ऊन आलं की उघडतं आणि दुपारी मिटतं, तेवढ्या वेळात माश्या त्यात अक्षरशः लोळतात, पायाला पिवळे परागांचे गोळे लावून जातात. तुमच्याकडे ऊन दुपारी येतं म्हणून कुंडी कठड्याच्या अगदी कडेला ठेवा, सकाळचा उजेड जेवढा मिळेल तेवढा मिळू दे. दुसरं टर्नेरा, पिवळं पाच पाकळ्यांचं, रोज सकाळी नवीन फूल आणि दुपारपर्यंत कोमेजणार, पण रोज. तिसरा गोकर्ण, जाळीवर चढवा, त्याला मधमाशीपेक्षा मोठे काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या जास्त येतात, त्यांना हाकलू नका. आणि तुळस, तिच्याबद्दल पुढे सांगते.

कुंडी दहा-बारा इंची घ्या. छोट्या शोभेच्या कुंडीत पश्चिमेच्या उन्हात माती दुपारपर्यंत भाजते, मग सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं तरी झाड रडत राहतं. मातीवर नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल) उलटं अंथरा नाहीतर पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, जाड थर द्या, कोकणात या दोन गोष्टी फुकट असताना लोक विकतचं मल्चिंग का आणतात ते मला कळत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): माझ्याकडे लाल जास्वंद, सदाफुली, डबल झेंडू भरभरून आहेत तरी एक मधमाशी दिसत नाही. मोबाईल टॉवरमुळे का?

टॉवरचं सोडा, आधी फुलं बघा. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, तिला निळा, जांभळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो, त्यातलं लाल न दिसण्याचं कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोग करून दाखवलं होतं, ज्यांना पुढे १९७३ साली नोबेल मिळालं. लाल जास्वंद ही शिंजिराची, म्हणजे मध पिणाऱ्या त्या चिमुकल्या पक्ष्याची, माशी तिथे अधूनमधून परागासाठी येईल इतकंच. सदाफुलीची नळी इतकी बारीक की तिथे फुलपाखराची सोंडच जाते. आणि डबल झेंडू, डबल जास्वंद, तो ‘भरगच्च’ गोकर्ण, यांत माणसाला पाकळ्या जास्त हव्यात म्हणून पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, किंवा मध-परागापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. नर्सरीत डबल म्हटलं की पैसे जास्त आणि माशीला मिळतं कमी. साधं, एकेरी, मधला पिवळा भाग उघडा दिसणारं फूल मागा. झिनिया आणि गलांडासुद्धा एकेरीच घ्या.

एक सोपं करा, वांग्याची दोन रोपं कुंडीत लावा. वांग्याच्या फुलातला पराग बाहेर काढायला फूल थरथरवावं लागतं, ते सातेरीला, म्हणजे आपल्याकडे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीला, जमत नाही पण भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या माशीला जमतं, जवळ कान नेलात तर त्यांचा घूं घूं आवाज पण ऐकू येईल. वांगी मिळतील ती वेगळी.

प्रश्न (पनवेल): बोगनवेल चालेल का?

शोभेला चालेल. रंगीत दिसतात ती पानं असतात, फूल आत एवढंसं, माशीला त्यात फारसं काही नाही.

प्रश्न (लांजा): वाळलेली फुलं रोज काढायची का?

हो, नाहीतर झाड बी धरतं आणि फुलणं थांबवतं. फक्त तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, अर्ध्या ठेवा, ऐन मे महिन्यात सातेरी आणि त्या बारीक काळ्या न चावणाऱ्या माश्या दिवसभर त्याच मंजिऱ्यांवर असतात.

प्रश्न (देवरूख): ऑनलाइन ‘बी-फ्रेंडली वाइल्डफ्लॉवर मिक्स’ मागवलं, वीस प्रकारच्या बिया आहेत. थोड्या लावून उरलेल्या बिया मातीच्या गोळ्यात घालून मुलांबरोबर सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) टाकायच्या असा विचार आहे.

कृपया नको. पाकिटावर फुलांची नावं तरी आहेत का ते बघा, बहुतेक वेळा नुसता रंगीत फोटो असतो. अशा मिश्रणात केशरी कॉसमॉस सर्रास येतो, मूळचा मेक्सिकोकडचा, बी उडालं की आपोआप पसरतो, पुण्याच्या टेकड्यांवर काय झालंय ते जाऊन बघा. आपला सडा उन्हाळ्यात काळा, उजाड दिसतो म्हणून लोकांना वाटतं तिथे काही नाही, पण त्याच जांभ्याच्या भेगांत पावसात सीतेची आसवं, गेंद, कवला उगवतात, आणि ते तिथेच उगवतात. तिथे बाहेरचं बी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपलं सामान नेऊन ठेवणं. मुलांना ऑगस्टमध्ये सड्यावर न्या आणि नुसतं दाखवा. पाकिटातलं लावायचंच असेल तर कुंडीत लावा आणि बी धरायच्या आत फुलं काढा.

प्रश्न (राजापूर): जास्वंदीला पिठ्या ढेकूण झाला. नर्सरीवाल्याने एक औषध दिलं, म्हणाला फवारायची पण गरज नाही, पाण्यातून मुळाशी द्या, पूर्ण सेफ आहे. उरलेलं लिंबाच्या कुंडीला आणि तुळशीला पण घातलं. बाटलीवर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल आहे. मधमाश्यांना चालतं ना?

ताई, आधी एक करा, त्या तुळशीचं पान आता खुडू नका. चहात नाही, काढ्यात नाही, नैवेद्याला नाही. दिल्यानंतर पानं पोटात गेली असतील आणि काही त्रास होत असेल तर बाटली घेऊन डॉक्टरकडे जा, नाव लिहून नको, बाटलीच न्या.

आता बाकीचं. हे औषध झाडाच्या अंगात भिनणारं आहे. मुळांनी ते ओढलं की रसातून पानात जातं, कळीत जातं, फुलाच्या मधात आणि परागात जातं. म्हणूनच तर ते पिठ्या ढेकणावर लागू पडतं, तो रस शोषतो आणि मरतो. पण लिंबाच्या फुलावर येणारी सातेरी पण तोच रस पिते ना! ‘फवारलं नाही म्हणजे सेफ’ हे दुकानातलं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते बरोब्बर उलटं आहे, फवारा निदान पानावर असतो, हे फुलाच्या आत असतं आणि धुऊन जात नाही. कुंडीत माती थोडी, निचरा थोडा, त्यामुळे ते बरेच दिवस तिथेच राहतं. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसकट अशी तीन औषधं उघड्यावर वापरायला बंद केली ती मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे ते कुणालाही, काही न विचारता मिळतं.

मी हे एवढं का बोलते तर पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या परसातली सातेरीची एक पेटी गेली. सकाळी बघते तर पेटीसमोरच्या चिऱ्यावर माश्या गोल गोल फिरतायत, पाय थरथरतायत, उडायला बघतात आणि परत पडतात, संध्याकाळपर्यंत सूपभर झाल्या. जवळच्या एका आंबा बागेत मोहोर पूर्ण उमललेला असताना सकाळी दहा वाजता फवारणी झाली होती. तुडतुड्याला फवारणी लागते हे मला मान्य आहे, मी काही हवेत बोलत नाही, पण विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, उमललेल्या मोहोरावर फवारणी टाळायची, आणि अगदीच करावी लागली तर आधी विचारून, माश्या घरी गेल्यावर, दिवस मावळताना. ज्या मोहोराचं परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात त्यांनाच त्या मोहोरावर मारायचं आणि मग फळधारणा कमी झाली म्हणून हवामानाला बोल लावायचा, हे मला बघवत नाही. बागवाल्यांचं निदान पोट त्यावर आहे. बाल्कनीतल्या एका जास्वंदीसाठी तर हे विष आणायचं काहीच कारण नव्हतं.

पिठ्या ढेकणाला काय करायचं ते ऐका. पाइपचा जोरात फवारा, पानांच्या खालून, तीन-चार दिवस रोज. जास्त माखलेली फांदी कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस फिरवा. आणि मुंग्या थांबवा, कारण मुंग्याच त्या ढेकणांना राखतात, कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली की निम्मं काम होतं, परातीतलं पाणी मात्र रोज बदला. निंबोळी तेल वापरायचं तर तेही संध्याकाळी आणि उमललेल्या फुलांवर नाही, कडुनिंबाचं आहे म्हणून माशीला काहीच होत नाही असं समजू नका.

ज्या लिंबाला औषध गेलंय त्याच्या या उन्हाळ्यातल्या कळ्या खुडून टाका, जीव तुटेल पण टाका. लिंबं आणि तुळस परत कधी खायची हे मी अंदाजाने सांगणार नाही, कृषी विज्ञान केंद्रात बाटली आणि किती दिलं ते सांगून विचारा. आणि बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघायची सवय लावा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, आणि तो त्रिकोण माणसासाठी आहे, माशीसाठी नाही.

प्रश्न (कणकवली): ग्रुपवर आलंय की बशीत साखरपाणी ठेवावं, मधमाश्या जगतात, आणि मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल असं आइनस्टाईन म्हणाला होता.

आइनस्टाईन असं म्हणाल्याचा काही पुरावा नाही. साखरपाणी ठेवू नका, मुंग्या येतात, गांधीलमाश्या येतात, आणि उघड्यावरचा मध तर मुळीच ठेवू नका, त्यातून रोग एका पोळ्यातून दुसऱ्यात जातात. साधं पाणी ठेवा, पसरट थाळीत, माशीला उभं राहता येईल असे खडे घालून, रोज बदलून. मेमध्ये विहिरी तळाला जातात तेव्हा त्याचा खरा उपयोग होतो.

प्रश्न (दापोली): घरात दोन वर्षांचं मूल आहे. फुलं लावून मधमाश्या बोलावणं धोक्याचं नाही का? बिल्डिंगच्या छज्जाला मोठं पोळं पण आहे.

फुलावरची माशी तिच्या कामात असते, दाबली किंवा झटकली तरच डंख मारते. कुंड्या मुलाच्या हाताच्या वर ठेवा, झालं. डंख बसलाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा. चुना, कांदा, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका, आणि ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर थेट हॉस्पिटल, पाच मिनिटंही थांबायचं नाही. आधी कधी असं झालं असेल तर फुलं लावायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

छज्जाचं पोळं आग्याचं असणार. तुमच्या फुलांमुळे ते आलेलं नाही. त्याला धूर, दगड, टेंभा, फवारा काही नको, आग्या उठलं तर ते सगळ्या बिल्डिंगला भारी पडेल. मधमाशीपालन करणारा जाणकार माणूस शोधा आणि त्याला बघू दे.

प्रश्न (मालवण): समुद्रापासून शंभर पावलांवर घर, बोअरचं पाणी मचूळ. सगळ्याची पानं कडेने करपतात.

पाणी आणि माती तपासून घ्या, त्याआधी खत घालू नका, मिठावर खत म्हणजे आणखी मीठ. सुक्या मासळीचं खत तर बंदच करा. वाळूत मर्यादवेल येते ती उपटू नका, तिच्या जांभळ्या फुलांवर माश्या असतात. जागा असेल तर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत उंडी, करंज लावा, दोन्ही खारा वारा सोसतात, करंज तर एप्रिल-मेमध्ये माश्यांनी गुणगुणत असतो.

प्रश्न (खेड): पाऊस सुरू झाला की कुंड्या रिकाम्या करून ठेवते. बरोबर ना?

नाही. उन्हाळ्यात निदान रानात जांभूळ, हिरडा, करंज फुललेले असतात, माड तर बारमाही. खरी उपासमार जून ते ऑगस्ट, पाऊस धड बाहेर पडू देत नाही आणि उघडीप मिळते त्या तासाभरात जवळ काही फुललेलं हवं. टर्नेरा, तुळस, गोकर्ण तशाच चालू ठेवा, फक्त कुंडीची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. पोर्चुलाका पावसात कुजतो, त्याच्या चार-पाच काड्या मृग लागायच्या आधी पागोळ्या पडणार नाहीत अशा वळचणीखाली, उजेडात घ्या आणि पाणी अगदी बेताने द्या.