शिट्टी ऐकू येते, हाक नाही

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा. हाक मारली तर वळत नाही, बोलतो जेमतेम ‘मम’ नि ‘बाबा’. प्लेस्कूलच्या बाईंनी ऑटिझमची शंका काढली. पण कुकरची शिट्टी झाली की धावत येतो, म्हणजे कान चांगलेच असणार ना? सर्दी मात्र बारमाही.
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, शिट्टीवर जाऊ नका. ती कर्कश, कमी ऐकणाऱ्यालाही कळते. बोलण्यातले ‘स’, ‘त’, ‘क’ मात्र फार हळू, तेच निसटतात. मागून टाळी वाजवून बघणंही फसवं; पोरं सावली पाहूनसुद्धा वळतात.

मला खटकली ती सर्दी. तिच्यामुळे कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचू शकतो नि ऐकू कमी येतं. बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी बघतही नाही. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे पडदा किती हलतो ते बघणाऱ्या तपासणीत, तो चटकन कळतो. बऱ्याचदा 3 महिन्यांत आपोआप ओसरतो. नाहीच ओसरला तर पडद्यात बारीक नळी बसवतात. शिवाय ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी करून घ्या. ती मूल झोपलेलं असताना होते, कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेचा अंदाज येतो. सुरुवात एम. वाय. रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातून करा.

हवी ती वस्तू बोटानं दाखवून तो तुमच्या तोंडाकडे बघतो का? बघत असेल तर ऑटिझमच्या बाबतीत मला जरा हायसं वाटेल. पण कानात दोष निघाला तरी ऑटिझमची तपासणी टाळू नका. दोन्ही एकाच मुलात असू शकतं. बेराचा कागद तेव्हा सोबत न्या.