वाचकांचे प्रश्न : जिप्सीत लेन्सला टेकू कशाचा?

प्रश्न : मे महिन्यात ताडोबाला जाणार आहोत. १५०-६०० मिमीची लेन्स भाड्याने घेतोय. जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) ट्रायपॉड बरा की मोनोपॉड? (वाचक, नाशिक)

दोन्ही घरीच ठेवा. सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर बसल्यावर जिप्सीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच उरत नाही. एकाच पायाचा मोनोपॉड मावतो, पण तो गाडीच्या पत्र्यावर उभा असतो. मागच्या सीटवर कुणी नुसतं वळून बसलं तरी तो हादरा थेट लेन्सपर्यंत पोचतो. गाडीच्या लोखंडी दांडीला लेन्स आवळायचे क्लॅम्पही हाच हादरा वर नेतात. शिवाय वाघ दुसऱ्या बाजूने निघाला तर सोडवेपर्यंत तो गवतात शिरलेला असतो.

बीन बॅग (लेन्स टेकवायची, धान्य भरलेली पिशवी) घ्या, किंवा खरं तर शिवून घ्या. आतली पिशवी मांजरपाटाची, दुहेरी शिलाईची. बाहेरची जाड कॅनव्हासची, चेन लावलेली. साधारण ३५ × २५ सेंमी माप पुरतं. तीन-चतुर्थांशच भरा, म्हणजे अडीच ते तीन किलो माल बसेल. इथेच बहुतेकांचं चुकतं. पिशवी गच्च भरली की ती दगडासारखी होते आणि लेन्स तिच्यावर डुगडुगते. फार सैल ठेवली तर लेन्स खाली दांडीला टेकते आणि पिशवीचा उपयोगच संपतो. बरोबर भरलेल्या पिशवीत लेन्स दाबली की तिच्या आकाराची खोबण पडते आणि हात सैल केला तरी लेन्स लगेच कलंडत नाही.

आत काय भरायचं? अख्खे मूग किंवा मसूर उत्तम : दाणा छोटा, गुळगुळीत, पटकन सरकून बसणारा. तांदूळही चालतो. थर्माकोलच्या गोळ्या टाळाच. दोन किलोच्या लेन्सखाली त्या चेपतात आणि हात हलला की उसळतात. कोणतंही धान्य पावसात भिजलं तर त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर कुबट वास येतो. विमानाने जाणाऱ्यांनी पिशवी रिकामी न्यावी आणि धान्य उतरल्या गावी घ्यावं. पिशवीला एक पट्टा शिवून तो दांडीला बांधायला विसरू नका. जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही. पडलेली पिशवी तिथेच राहील.

प्रश्न : बीन बॅग वापरूनही माझे फोटो मऊच (धूसर) येतात. शटर १/१००० सेकंद असतं. लेन्स खराब आहे का? (वाचक, अमरावती)

आधी फोटो मोठे करून नीट बघा. मिशीच्या प्रत्येक केसाला एकाच दिशेने दुहेरी कड दिसत असेल तर तो हादरा आहे : इंजिन चालू होतं किंवा कुणी हललं. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा, सहप्रवाशांना पाच सेकंद स्थिर बसायची विनंती करा. पण एकाच बर्स्टमधल्या (सलग भराभर काढलेल्या) एका फोटोत डोळा ठीक, पुढच्यात वितळल्यासारखा, आणि मागच्या गवताच्या कडा नागमोडी, असं असेल तर दोष तापलेल्या हवेचा. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर लांबच्या वाघाचे असे फोटो कोणत्याही लेन्सने येतात. त्यावर टेकू, शटर, महागडी लेन्स, काहीच चालत नाही. अंतर कमी असेल तेव्हाच काढा.

एरवी लेन्स बीन बॅगवर असेल तर बसलेल्या प्राण्याला शटर १/२५० पुरतं, चालत्याला १/५०० ते १/८००, धावत्याला १/१६०० च्या वर जा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ६४०० द्या. फोटोत थोडे रवाळ ठिपके दिसलेले परवडतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

प्रश्न : सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात स्वतःच्या कारमधून चिंकारा टिपायचाय. काय काळजी घ्यावी? (वाचक, बारामती)

एसी बंद करा आणि पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सगळ्या काचा उघडा. आतली आणि बाहेरची हवा वेगळ्या तापमानाची असेल तर खिडकीतच हवा थरथरते आणि फोटो मऊ येतो. काच तीन-चार बोटं वर ठेवून तिच्यावर दोन कप्प्यांची बीन बॅग टाका, एक कप्पा आत, एक बाहेर. काच अर्ध्यावर ठेवून तिच्यावर भार देऊ नका, यंत्रणा बिघडते.

चिंकाऱ्याच्या दिशेने सरळ गाडी नेऊ नका. रस्ता न सोडता तिरकं, हळू जा. त्याने चरणं थांबवून मान वर केली की थांबा. पुन्हा चरायला लागला तरच पुढे. दार उघडू नका. नुसती उभी गाडी तो बऱ्याचदा सहन करतो, उतरलेला माणूस मात्र नाही.

लेन्सच्या कॉलरचा (ट्रायपॉडला जोडायच्या कड्याचा) पाय फिरवून वर घ्या, म्हणजे लेन्सचा गोल भाग पिशवीत बसेल. झूमची रिंग पिशवीत रुतू देऊ नका आणि भार लेन्स हुडवर (लेन्सच्या तोंडाशी लावायच्या झडपेवर) देऊ नका.